कुकडीस्तवातला गंधार

८ सप्टेंबर २०२४, रविवार

आज आप्पासाहेबांनी घरी बोलावून मोदक खायला घातले आणि मोदकांबरोबर बातमी दिली. महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सव जानेवारीत होणार आणि त्यातला मुख्य कार्यक्रम माझा. मी रचलेला 'कुकडीस्तव' मीच गायचा, भर मंडपात, तालुक्यासमोर. आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष आहेत. संस्कृतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण आपल्या कुकडी नदीवर कुणी संस्कृतात श्लोक रचलेत आणि ते यमनात बांधलेत, याचा त्यांना मोठा अभिमान आहे. "प्राचार्य, आख्ख्या तालुक्यात असा माणूस न्हाई," असं ते पाहुण्यांदेखत म्हणाले. खरं तेच म्हणाले, म्हणून मीही लाजण्याचं नाटक केलं नाही.

या निमित्तानं रोजनिशी धरतो आहे. पुढे कुणी माझ्याविषयी लिहायला बसलं तर हाताशी काही असावं. बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करणाऱ्या कुंडलिक बोऱ्हाड्यांचा हौशीराम संस्कृतात डॉक्टर होतो, नाणेघाटातल्या प्राकृत लेखांवर प्रबंध लिहितो, पुण्यात गुरूंच्या घरी पाणी भरून गाणं शिकतो आणि शेवटी आपल्याच तालुक्यात प्राचार्याच्या खुर्चीत बसतो, हे काही रोज घडत नाही. पुण्यात पहिल्या वर्षी वर्गातली मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायची. ती आता कुठे आहेत हे मला माहीत नाही आणि त्यांना मी माहीत आहे की नाही, हा विचार मात्र अजून येतो.

दुसरी बातमी नौशादच्या कामाची. संगीताची कायम जागा मंजूर झाली. विधानसभेची निवडणूक उरकली की मुलाखती. नौशाद आतार दहा-अकरा वर्षं तासिकेवर शिकवतोय आणि माझ्या गाण्याला पेटीची साथ करतोय. जुन्नरच्या आतारांचा पोरगा, बाप राजमहंमद गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा. नौशादला कॉलेजात मीच आणला. संध्याकाळी फोन करून सांगितलं तर बराच वेळ तिकडून काही ऐकूच आलं नाही. हल्ली फोन नीट लागतच नाहीत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

कुकडीस्तवाची पहिली बैठक झाली. आवाज छान लागला. या वयात माणसांचे आवाज चिरकतात, माझा पिकत चाललाय. नौशादची एक गोष्ट आज नीट पाहिली. गंधार आला की तो पेटीवरून बोट उचलतो. बाकी सगळे सूर धरतो आणि गंधाराला मला मोकळं सोडतो. मोठ्या गवयाच्या खास सुराला साथीदारानं हात लावू नये, ही जुनी अदब आहे. ती त्याला कुणी शिकवली असेल देव जाणे, पण मला आवडली.

नौशादच्या संगीताच्या वर्गातली अक्षदा आणि तिच्या मैत्रिणी ऐकायला बसल्या होत्या. अक्षदा तोंडावर ओढणी धरून खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. एवढ्या लहान वयात यमन इतका आत जातो, याचं मलाच नवल वाटलं. दोघी-तिघींनी मोबाइलवर माझं गाणं टिपून घेतलं. सुनील शिपाई म्हणतो, "सर, तुमचे व्हिडिओ लई फिरत्यात." फिरू देत. संस्कृत फिरतंय हेच पुष्कळ झालं.

एक निरीक्षण: यंदा रातकिडे नाहीत. पूर्वी या दिवसांत गच्चीवर बसलं की कान किटायचे. आता सगळं शांत. औषधं फवारून फवारून शेतकऱ्यांनी किडेसुद्धा संपवले. अंजनाला म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि पाणी आणायला आत गेली. बायकोला निसर्गाचं काही पडलेलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहितोय तेच रागानं.

दुपारी नौशाद केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं. बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "सर, एक बोलू का? रागवायचं न्हाई."

मी म्हटलं, "बोल."

"गंधार चढा जातोय सर. थोडासाच. दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पेटी सोडून देतो तिथं, म्हंजे लोकांना भांडण कळू नये सुरांचं. पण मंडपात स्पीकर असणार. तुमी एकदा कान दाखवून घ्या ना. नारायणगावला चांगले डॉक्टर आहेत. मी येतो बरोबर."

ज्या गंधारावर माझ्या गुरूंनी मला सहा महिने बसवलं होतं, त्या गंधाराबद्दल हा बोलत होता. पेटीवाला! पेटीला मुळात श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, नसतात हे ज्याला माहीत नाही तो मला श्रुती शिकवणार. मी शांतपणे विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस हे?"

"कुणालाच न्हाई सर. अल्लाची शपथ."

"मग आता जा."

तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल लोक वंगाळ बोलतात ते मला ऐकवत न्हाई. म्हणून सांगितलं." म्हणजे वर उपकार!

घरी येऊन अंजनाला सांगितलं. वाटलं ती खवळेल. ती नुसती म्हणाली, "मग दाखवून घ्या ना कान. त्यात काय कमीपणा आहे?" चाळीस वर्षं बरोबर राहून माणूस किती परका असतो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मुलाखतींना अजून वेळ आहे. तोवर नौशादला आपली जागा कळायला हवी. संगीताचा वर्ग सायकल स्टँडशेजारच्या खोलीत हलवला. जुन्या खोलीत परीक्षा विभागाचे गठ्ठे ठेवायचे आहेत, कारण अगदी खरं आहे. तिथं पत्र्यावर ऊन पडलं की पेटीच्या भात्याचं चामडं तडकतं, असं तो सांगायला आला होता. मी म्हटलं, "पेटीला ऊन सोसत नसेल तर पेटी घरी ने. तू शीक गळ्यानं शिकवायला."

दुपारी प्राध्यापकांच्या बैठकीत सहज विषय काढला. म्हटलं, आता आपल्याकडे संगीताची कायम जागा आली, तर नौशादनं सगळ्यांना बावीस श्रुतींची नावं सांगावी, आपल्यालाही चार गोष्टी कळतील. तो उभा राहिला. तीव्रा, कुमुद्वती म्हणाला आणि अडकला. मी थांबलो. पूर्ण बैठक थांबली. वाणिज्यचे लोक हसायला लागले, कारण त्यांना हसायला काहीही चालतं. शेवटी मीच बावीसच्या बावीस म्हणून दाखवल्या, घडाघड. टाळ्या पडल्या. नौशाद बसताना खुर्चीचा अंदाज चुकून कडेवर बसला. चेहरा असा झाला होता की क्षणभर मला वाईट वाटलं. पण ज्याला सूर कळतो असं वाटतं त्याला सुरांची नावं यायला नकोत?

साथीला तो अजून येतो. गंधाराला बोट उचलतो. आता मला त्या उचललेल्या बोटाचा संताप येतो. आज सांगितलं, "गंधार धर. घट्ट धर." त्यानं धरला. मला तर काहीच वावगं वाटलं नाही. वाजवता वाजवता त्यानंच डोळे मिटून घेतले.

३ डिसेंबर, मंगळवार

आचारसंहिता उठली आणि मुलाखतींची तारीख पडली, १२ डिसेंबर. अर्ज पाच आलेत, पण खरे दोघेच. एक नौशाद आणि दुसरा आप्पासाहेबांच्या मेहुण्याचा मुलगा गोकुळ. गोकुळ जागरण-गोंधळाच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो आणि कुठल्याशा विद्यापीठाची पदवी त्यानं बाहेरून केली आहे. आप्पासाहेब काही म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "प्राचार्य, तुमची मुदतवाढ पण याच बैठकीत घेऊ. मेरिटवर करा सगळं. आपल्याला कुणाचं वाईट करायचं न्हाई." मोठा माणूस आहे. दबाव म्हणून कधी टाकत नाही.

काल घरच्या जमिनीच्या कामाला बेल्ह्याला गेलो होतो. बाजारात क्षणभर थांबलो आणि वडिलांची, तात्यांची, आठवण झाली. गिऱ्हाईकाला बैलातलं कळतं की नाही हे पाहायची त्यांची एक रीत होती. धडधाकट बैल उभा करायचे आणि हळूच म्हणायचे, "पावणं, याचा मागचा डावा पाय लंगडतोय बघा जरा." जो "व्हय व्हय, लंगडतोय" म्हणेल, त्याला कळत काही नाही हे ठरलं. मग तात्या त्याच्या गळ्यात कुठलाही बैल बांधायचे. आणि जो म्हणेल "कुठं लंगडतोय राव?", त्याच्याशी सरळ व्यवहार.

एसटीत बसल्या बसल्या सुचलं. नौशादला हीच परीक्षा द्यायची, उलटी करून. समितीसमोर मी गंधार मुद्दाम उतरवून लावायचा, श्रुतीभर खाली, आणि विचारायचं कसा आहे. त्याच्या डोक्यात माझा गंधार चढा जातो हे बसलेलंच आहे. उतरलेला ऐकला की त्याला तो बरोबर वाटणार. मग माझा खरा गंधार लावून विचारायचं. तो म्हणणार चढा. म्हणजे खोट्याला खरं आणि खऱ्याला खोटं, दोन्ही त्याच्याच तोंडून. त्याला नापास मी करायचंच नाही, त्यानंच स्वतःला करून घ्यायचं. घरी येईपर्यंत मन प्रसन्न होतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

जसं ठरवलं तसं झालं. अगदी तसंच.

समितीत आप्पासाहेब, मी, सरकारी प्रतिनिधी आणि पुण्याहून आलेल्या संगीततज्ज्ञ बाई. बाई मोठ्या घराण्यात शिकलेल्या, पण चाकणच्या गर्दीत अडकून उशिरा आल्या आणि आल्यापासून परतीचंच बोलत होत्या. पहिले तिघे दहा-दहा मिनिटांत आटोपले. गोकुळनं एक नाट्यपदासारखं काहीतरी वाजवलं, नम्रपणे बोलला, सगळ्यांच्या पाया पडला.

मग नौशाद. नवा पांढरा सदरा, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. सुंदर वाजवलं त्यानं, हे नाकारणार नाही. बाई पहिल्यांदाच पाठ सरळ करून बसल्या. तो संपवून उठणार तेवढ्यात मी म्हटलं, "आतार, थांबा. शिक्षकाला वाजवता आलं तर हवंच, पण ऐकता आलं पाहिजे. मी दोन वेळा यमनाचा गंधार लावतो. कसा लागला एवढंच सांगायचं."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे काहीतरी मागत होतो. सोपं होतं. 'उत्तम' एवढं म्हणाला असता तरी मी काय करणार होतो? तानपुऱ्याचं यंत्र लावलं आणि मी नी-रे-ग घेतला, गंधार मुद्दाम खाली ठेवून. मला स्वतःला तो इतका उतरलेला लागत होता की कसनुसं झालं.

नौशादनं मान वर केली. त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मला हसू दाबावं लागलं. म्हणाला, "लागला सर! बरोबर लागला!" डोळ्यांत पाणी. बाईंनीसुद्धा 'वा' म्हणून मान हलवली. पाहुण्यांची सवय असते ती.

मग मी माझा खरा गंधार लावला. भरून, ठासून लावला. "आणि हा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. आप्पासाहेब घड्याळ बघायला लागले. मी पुन्हा विचारलं. "बोला आतार. इथं भीड नको."

"हा चढा आहे सर," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला ओठांवरूनच कळलं.

तो गेल्यावर मी समितीला सगळं उलगडून सांगितलं. पहिला मी मुद्दाम उतरवला होता, दुसरा बरोबर होता. उमेदवारानं दोन्ही उलटे सांगितले. सरकारी प्रतिनिधी म्हणाले, "बापरे." बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पहिला तुम्ही मुद्दाम उतरवला होता?"

"हो."

"नक्की पहिलाच?"

"बाई, माझ्याच गळ्यातला आहे तो."

"नाही, म्हणजे मला तर..." त्या पुढं काही बोलणार होत्या. पण आप्पासाहेब म्हणाले, "बाई, जेवण तयार आहे, मासवडी केलीय खास तुमच्यासाठी. आणि पाचच्या पुढं मंचरला लई ट्रॅफिक लागतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आप्पासाहेबांकडे पाहिलं आणि सही केली. गोकुळला हा प्रश्न मी विचारला नव्हता. ज्याचा जेवढा दावा, तेवढी त्याची परीक्षा.

समितीचा अहवाल माझ्या सहीनं सोमवारी संस्थेकडे जायचा आहे. मुदतवाढही झाली, तीन वर्षं. आज पुरणपोळी खावीशी वाटली.

१५ डिसेंबर, रविवार

लिहू की नको असं झालं होतं. पण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही आणि मी मेल्यावर कुणाला वाचायला द्यायची ते मीच ठरवेन.

सकाळी अंजना मटार सोलत बसली होती. गुरुवारपासून मी तिला मुलाखतीचं काही सांगितलं नव्हतं. तिला नौशादचा पुळका आहे. पण मजा माझ्या पोटात राहीना. म्हटलं, बघ, उतरलेला गंधार म्हणजे कसा असतो ते. आणि मी लावला, परवासारखाच.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "परत घ्या."

मी परत घेतला. तिनं तोंडाला पदर लावला. "किती वर्षांनी लागला हो," म्हणाली. "मला वाटलं आता या घरात पुन्हा ऐकायलाच मिळणार नाही."

मी म्हटलं, "अगं, हा मुद्दाम चुकवलाय मी. बरोबर हा," आणि माझा लावला. तिनं खाली बघून पुन्हा शेंगा घेतल्या. "हा नेहमीचा," एवढंच म्हणाली.

मी चिडलो. ती उठली आणि तिचा मोबाइल घेऊन आली. त्यात तानपुऱ्याचं ॲप आहे आणि त्यात सूर दाखवणारा काटा आहे. अक्षदानं घालून दिलं होतं म्हणे, कधीतरी. अंजनानं ते माझ्या तोंडासमोर धरलं. "गा."

मी माझा गंधार लावला. काटा उजवीकडे कलंडला आणि लाल झाला. चुकीचा लावला. काटा मधोमध उभा राहिला, हिरवा. पुन्हा बरोबरचा. लाल. पुन्हा चुकीचा. हिरवा. मी खोलीत जाऊन दार लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. ते यंत्र काही आप्पासाहेबांचं माणूस नव्हतं.

बाहेर आलो तर ती तशीच उभी. म्हणाली, "नौशादला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं ऑक्टोबरात. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. तो नको म्हणत होता. मी गळ घातली." मग म्हणाली, "मुलाखतीत काय झालं?"

मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. तिला कळलं. तशी ती हुशार आहे. "अहवाल उद्या जायचाय ना? मग अजून हातात आहे तुमच्या. फोन लावा त्या पुण्याच्या बाईंना."

दिवसभर पडून राहिलो. भीती वाटली, हे लिहून ठेवतो. त्या ओढणीआड हलणाऱ्या खांद्यांचा अर्थ आज लागला. व्हिडिओ का फिरतात तेही कळलं. रातकिडे बहुतेक आहेत. सगळा तालुका वर्षानुवर्षे मला ऐकतोय आणि हसतोय, आणि एका माणसानं तेवढं बोट उचलून धरलं होतं.

पण मी फोन करून काय सांगू? की प्राचार्यांना स्वतःचा सूर ऐकू येत नाही? सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर? पुण्यातली ती मुलं अजून संपलेली नाहीत, ती प्रत्येक समितीत असतात.

१६ डिसेंबर, सोमवार

सही केली. अहवाल गेला.

शांत डोक्यानं विचार केला तर दुसरं काही शक्य नव्हतं. नौशादला कायम केला तर तो निवृत्त होईपर्यंत याच आवारात असणार. रोज सकाळी मला नमस्कार करणार आणि रोज त्याला ते माहीत असणार. तो कुणाला सांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचाच त्रास जास्त. एखादा वाईट माणूस असता तर मी सहन केलं असतं.

आणि आता मला त्याची गरजही उरलेली नाही. गंधार कुठं लावायचा ते मला कळलंय. मला जो उतरलेला वाटतो तो लावायचा. जगाला तोच बरोबर लागतो. सकाळी अंजना देवळात गेली तेव्हा तासभर काट्यासमोर बसून पक्का केला. कानाला फार वाईट लागतं, पण सवय होईल.

अंजनानं विचारलं, "पाठवला?" मी हो म्हटलं. तिनं जेवण वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन आत गेली.

२८ डिसेंबर, शनिवार

नौशादचा बाप राजमहंमद आला होता. रिक्षानं आला, नातीच्या खांद्यावर हात ठेवून दोन जिने चढला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसला. म्हातारा आता पार वाळलाय. बोटं वाकडी झालीत, आयुष्यभर पेट्यांच्या पट्ट्या घासून.

म्हणाला, "सायेब, नोकरीचं मागायला न्हाई आलो. गेली ती गेली. गोकुळला लागली, त्याच्या नशिबात व्हती. मला फक्त येवढं सांगा, पोराचं चुकलं काय? तो काही बोलत न्हाई. जेवत न्हाई. चूक कळली तर सुधरंल तरी."

अंजना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कान," मी म्हटलं. "बाकी सगळं चांगलं आहे त्याचं. हात चांगला आहे. पण कान कच्चा आहे. बरोबर सूर त्याला चढा वाटतो."

म्हातारा ते ऐकून काही वेळ मान हलवत राहिला, हळूहळू. मग म्हणाला, "कान मीच दिला त्याला. भात्यावर बसवून शिकवला, येवढासा व्हता. आमची पेटी मेळाची, तानपुऱ्याशी जुळवलेली, तिचे सूर घासून घासून मी बसवलेले. म्हंजे माझंच काहीतरी चुकत आलं म्हणायचं." त्यानं वाकडी बोटं कपाळाला लावून मला सलाम केला. "तुमी सांगितलंत ते बरं केलंत. दुसरं कोण सांगतंय?" आणि नातीला म्हणाला, "चल गं."

तो जिना उतरेपर्यंत अंजना तशीच उभी होती. नंतर तिनं बॅग भरली. मंचरला बहिणीकडे जाते म्हणाली. सुवर्णमहोत्सवाला येशील ना, असं विचारलं तर म्हणाली, "तुमचा गंधार मी ऐकलाय."

१९ जानेवारी २०२५, रविवार

कार्यक्रम झाला. जसा व्हावा तसा झाला. लिहायला शब्द कमी पडतील, पण लिहितो.

मंडप गच्च. पहिल्या रांगेत मंत्री, आमदार, माजी विद्यार्थी. मागं पोरांचा घोळका मोबाइल वर धरून तयारच होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा पहिल्या रांगेवर आणली. साथीला गोकुळ, कीबोर्डवर. तो कुठल्याच सुरावर बोट उचलत नाही, कारण त्याला काही ऐकूच येत नाही. त्याचा कान माझ्यापेक्षाही बरा म्हणायचा, कारण त्याला त्याचं काही वाटत नाही.

पहिला श्लोक सुरू केला आणि गंधाराला आलो. तिथं मला जे चूक वाटतं ते लावलं. अंगावर काटा आला, इतकं घाण लागलं मला. पण मागचा घोळका गप्प झाला. एक-एक करून हात खाली आले. दुसऱ्या श्लोकाला अक्षदा पुढं सरकून बसली. ओढणी तोंडावर नव्हती. अर्धा तास मी माझ्या कानाविरुद्ध गायलो. एकही सूर मला आवडला नाही, आणि शेवटी सगळा मंडप उभा राहिला. मंत्री व्यासपीठावर येऊन म्हणाले की संस्कृत आणि संगीत असं एका गळ्यात त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शाल, श्रीफळ, चांदीची नाणेघाटाची प्रतिकृती. आप्पासाहेबांचे डोळे भरून आले होते. अंजना आली नाही.

फोटोंची गडबड सुरू झाली तेव्हा मंडपाच्या कनातीजवळ नौशाद दिसला. आमंत्रण नव्हतं, पण आला होता. हडकला आहे. नारायणगावला मोबाइलच्या दुकानात बसतो असं सुनील म्हणाला होता. पेटी विकून टाकली, असंही तो म्हणाला. मी टाळायला वळलो, पण तो माझ्याकडेच आला. खाली वाकून पाया पडला. उठून म्हणाला, "सर, एक इचारू का?"

मी म्हटलं, "विचार."

"आज गंधार मला बरोबर लागल्यासारखा वाटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळा." मग म्हणाला, "पण अब्बा म्हणले तुमी काय सांगितलं ते. तवापासून माझा माझ्यावर भरवसा न्हाई राहिला. पेटी समोर घेतली तरी कळंना, कुठला सूर खरा. म्हणून इचारतो. तेवढं एक सांगा, म्हंजे मी काय ते ठरवतो. बरोबर होता का, सर?"

त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. मागं कुणीतरी 'बोऱ्हाडे सर, इकडं' म्हणून हाक मारत होतं. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. एक शब्द हवा होता. तो शब्द मी दिला असता तर तो घरी जाऊन बापाला सांगणार होता, आणि उद्या कुठून तरी पेटी परत आणणार होता.

मी म्हणालो, "उतरला होता. थोडासा."

त्यानं मान हलवली, बापासारखीच. "बरं झालं इचारलं," म्हणाला आणि गर्दीतून गेटकडे निघून गेला. मग मी फोटोला जाऊन उभा राहिलो.